आठ चकत्या आणि पहिली आंघोळ

दसऱ्यानंतरचा दुसरा सोमवार, दुपारची वेळ. जागा अकोल्यातल्या एका न्यूरोसर्जनची केबिन. हजर तिघे: डॉक्टर, माझी बायको शोभा आणि मी. रक्कम चार लाख साठ हजार रुपये, अंदाजे.

रक्कम आधी लिहितो, कारण त्या केबिनमध्ये मला तेवढीच नीट ऐकू आली. बाकीचं डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं. शोभाच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, "लो ग्रेड ग्लायोमा वाटतो." ग्लायोमा म्हणजे मेंदूच्या मुख्य पेशींना आधार देणाऱ्या ज्या दुसऱ्या पेशी असतात, त्यांच्यातून वाढलेली गाठ. लो ग्रेड म्हणजे सावकाश वाढणारी. नक्की कोणती, ते काढून तपासल्यावरच कळणार होतं.

"गाठीपेक्षा मला तिच्या जागेची काळजी आहे," डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "याच्या मागेच ब्रोकाज एरिया आहे. शब्द तयार करून तोंडावाटे बाहेर काढणारा भाग. काढताना तिकडे धक्का लागला तर बोलणं जाऊ शकतं. नाही काढली तर वाढून वाढून तीच बोलणं नेईल."

शोभा शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे दोन्हीकडून माहं तोंडच बंद होनार." डॉक्टरांना हसावं की नाही ते कळलं नाही. मला हसू आलं नाही.

आमचं अमरावतीला राजापेठेत फुलांचं दुकान आहे. फुलं मी आणतो, हिशेब मी ठेवतो, पण विकते शोभा. तिचं तोंड चालतं म्हणून दुकान चालतं. शिकवणीला जाणाऱ्या पोरींपासून लग्नाच्या ऑर्डरीवाल्यांपर्यंत सगळ्यांशी तिची बाचाबाची ठरलेली, आणि तेच लोक पुन्हा तिच्याकडेच येतात. मी गल्ल्यावर असलो की विचारतात, "ताई नाहीत का?" आणि पुढे जातात. तेव्हा बोलणं गेलं तर काय जाईल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सुरुवात गणपतीत झाली होती. एक गिऱ्हाईक शेवंतीचा भाव विचारत होतं. शोभानं शेवंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे... हे आहे ना, हे चाळीस रुपये पाव." तिला शेवंती हा शब्दच आठवेना. आयुष्य फुलांत गेलेल्या बाईला. संध्याकाळी ती स्वतःच त्यावर हसली. मग असं शब्द हरवणं वाढत गेलं. दोरा मागायचा तर "ते लांब" म्हणायची. चिडायची. मीही चिडायचो. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी बीपी तपासलं, ते व्यवस्थित निघालं. दुसऱ्यांनी व्हिटॅमिन बी-ट्वेल्वची इंजेक्शनं दिली. तिसऱ्यांनी शोभाचं वय विचारलं आणि म्हणाले, "या वयात बायकांना असं होतं." त्या वाक्याचे पाचशे रुपये घेतले.

नवरात्रात दुकानातच तिचा उजवा हात झटके देऊ लागला, चेहरा वाकडा झाला आणि ती झेंडूच्या ढिगावर कलंडली. फिट आली होती. त्यानंतर कुठे एमआरआय झाला. हे वाचणाऱ्याला एकच सांगतो: घरातलं माणूस रोजच्या वापरातले शब्द विसरू लागलं, तर त्याचं वय विचारणाऱ्या डॉक्टरपाशी थांबू नका.

आता त्या चार लाख साठ हजारांबद्दल. त्यात दोन ओळी वेगळ्या होत्या: नेव्हिगेशन पंचावन्न हजार आणि इंट्राऑपरेटिव्ह अल्ट्रासाऊंड तीस हजार, मिळून पंच्याऐंशी हजार. मी विचारलं, "हे पाहिजेच का?" डॉक्टर चिडले नाहीत. हा प्रश्न त्यांना रोज ऐकावा लागत असणार.

न्यूरोनॅव्हिगेशन म्हणजे मेंदूच्या आत वाट दाखवणारं यंत्र. ऑपरेशनच्या आधी डोक्यावर खुणेच्या चकत्या चिकटवून एमआरआय काढतात. त्या चकत्या एमआरआयमध्ये दिसतात आणि प्रत्यक्ष डोक्यावरही असतात. टेबलवर घेतल्यावर डॉक्टर एका कांडीनं एकेका चकतीला स्पर्श करतात, आणि यंत्र चित्रातलं डोकं व समोरचं डोकं यांची जुळणी करतं. मग कांडी जिथे टेकवाल ती जागा स्क्रीनवर दिसते.

"फोनवर रस्ता दाखवतात, तसं?" मी म्हणालो.

"तसंच. पण तो नकाशा कालचा असतो," डॉक्टर म्हणाले. "कवटी उघडली की आतलं पाणी निघून जातं, मेंदू थोडा खाली बसतो. गाठ काढू लागलो की आणखी सरकतो. याला ब्रेन शिफ्ट म्हणतात. रस्ता हलला तरी नकाशा जुनाच राहतो. म्हणून मी मधून मधून सोनोग्राफी, म्हणजे तोच अल्ट्रासाऊंड, करून आत्ता काय आहे ते बघतो."

सोनोग्राफी पोटाची असते, एवढंच मला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की एरवी कवटीच्या हाडामुळे डोक्यातलं काही दिसत नाही. ऑपरेशनात हाडाची एक खिडकी काढलेली असते, तिथून सोनोग्राफीचा छोटा प्रोब थेट मेंदूवर टेकवला की गाठ पांढुरकी दिसते, त्याच क्षणाची. "जुना नकाशा आणि आत्ताचं चित्र, दोन्ही मला हवं आहे," ते म्हणाले. "मुंबईला ऑपरेशनातच एमआरआय करायची सोय काही ठिकाणी आहे. तो खर्च तुम्ही विचारू नका."

मी विचारला नाही. पंच्याऐंशी हजाराला हो म्हणालो.

मग पहिली पंचाईत कळली. नेव्हिगेशनचं यंत्र त्या दवाखान्याचं नव्हतं. ते एका कंपनीचं होतं, नागपूरहून गाडीत घालून आणायचे, बरोबर त्यांचा इंजिनिअर. ठरलेल्या तारखांनाच ते यायचं. जवळची मोकळी तारीख नरकचतुर्दशीची होती, कारण दिवाळीत कोणी ऑपरेशनला तयार होत नाही. त्यानंतरची तारीख तीन आठवड्यांनी. शोभाच्या गाठीभोवती एडिमा, म्हणजे सूज होती, आणि औषध चालू असूनही फिट पुन्हा येऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे मी थांबणार नाही."

दिवाळी म्हणजे आमच्या धंद्याचा वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम. आगाऊ बोलून ठेवलेला झेंडू मी शेजारच्या दुकानदाराला मिळेल त्या भावात देऊन टाकला, शटर ओढलं आणि धनत्रयोदशीला एसटीनं अकोल्याला आलो. मूर्तिजापूरपर्यंत शोभा खिडकीबाहेरची फुलांची शेतं बघत होती. एका झेंडूच्या शेताकडे बोट दाखवून तिनं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. शब्द सापडला नाही. मग माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

अकोल्यात माझी मोठी बहीण राहते, सुमनताई. तिचं घर दवाखान्यापासून वीस मिनिटांवर. संध्याकाळी एमआरआय सेंटरवर शोभाच्या डोक्यावर आठ चकत्या चिकटवल्या: कपाळावर, कानांच्या मागे, टाळूवर केस बाजूला सारून. मधोमध भोक असलेल्या, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढ्या. भोवती पेनानं गोल काढले. एमआरआयचे सात हजार वेगळे, सेंटरवरच रोख दिले. भरती त्याच रात्री व्हायची होती. पण वॉर्ड डेंग्यूच्या पेशंटनी भरलेला होता. सिस्टर म्हणाल्या, "घर जवळ आहे ना, सकाळी सातला या. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही." आणि हातात एक छापील कागद दिला. कागदावर पाच सूचना होत्या. दागिने काढावेत. नखं कापावीत. उपाशीपोटी यावे. जुने रिपोर्ट आणावेत. चौथी सूचना मुद्दाम शेवटी लिहितो: सकाळी आंघोळ करून यावे.

हा कागद हर्नियापासून मेंदूपर्यंत सगळ्यांना एकच देत असावेत. चकत्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. तोंडी मला सांगितलं होतं, शोभाला सांगितलं होतं. ताईला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. मी तिला उपासाचं तीनदा बजावलं.

पहाटे पाचला मी दवाखान्यात गेलो. डिपॉझिट रात्रपाळीच्या खिडकीवर भरलं तर सकाळची रांग वाचेल, असा हिशेब. एक लाखाची पावती घेऊन सहाला परत आलो. ताईच्या दारात रांगोळी काढलेली, पणत्या लागलेल्या. आत उटण्याचा वास. शोभा ताईची नवीन साडी नेसून पाटावर बसली होती आणि ताई तिचे ओले केस पंच्यानं पुसत होती.

मी शोभाच्या कपाळाकडे बघितलं. कपाळ स्वच्छ होतं.

"ताई, ते कुठं गेलं?"

"काय?"

"डोक्यावर लावलेलं. गोल गोल."

"ते व्हय." ताईनं देव्हाऱ्यापाशी जाऊन स्टीलची वाटी आणली. वाटीत चकत्या होत्या, कोरड्या फडक्यानं पुसून ठेवलेल्या. "आठच्या आठ हायेत. मोजून घे."

मी मोजल्या नाहीत.

"आंघोळ कोणी घालायला सांगितली होती?"

"त्या कागदावर लिवलं होतं ना, आंघोळ करून या म्हनून. अन् आज तं पह्यली आंघोळ. तेल लावल्याबिगर कशी धाडू तिले ऑपरेशनले? काय नरकात जाऊ देऊ का?"

"अन् ह्या चकत्या?"

"मले काय माईत त्या कायच्या हायेत. मी म्हटलं, ईसीजीवाल्यानं लावल्या अन् काढाच्या राहून गेल्या. तेलानं पटकन निंगाल्या, बाप्पा."

शोभाकडे बघितलं. तिच्या डोळ्यात पाणी होतं. नंतर कळलं की तिनं दोन्ही हातांनी डोकं धरून ताईला "नको, नको" म्हटलं होतं. पुढचा शब्द तिला सापडला नाही. ताईला वाटलं, पहाटेच्या थंडीत आंघोळीला कंटाळा करते आहे. फिटच्या औषधानं ती अर्धवट झोपेतच होती. ताईनं तिला लेकीसारखं बसवून, कोमट तेल टाळूवर जिरवून, उटणं लावून घासून काढलं. पेनाचे गोलसुद्धा राहिले नाहीत.

मी ताईला बोललो ते इथं लिहीत नाही. शेवटचं वाक्य मात्र लिहितो, कारण त्याचा पुढे संबंध आहे. "सात हजाराचा एमआरआय गेला," मी म्हणालो, "अन् यंत्र आज संध्याकाळी नागपूरले चाललं." वाटी ताईच्या हातातच होती.

सात वाजता दवाखान्यात ती वाटी मी डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी वाटीकडे बघितलं, शोभाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नंतर शोभाच्या टाळूवर बोट फिरवून ते नाकाशी नेलं. "खोबरेल?"

"तीळतेल."

"याच्यावर नवीन चकत्या चिकटणार नाहीत. सिस्टर, आधी शाम्पू. दोनदा. नंतर स्पिरिट."

मी विचारलं, याच चकत्या पुन्हा लावता येणार नाहीत का? जागा अंदाजे मला आठवत होत्या. इंजिनिअर, तिशीचा मुलगा, इतक्या सौम्यपणे नाही म्हणाला की मला माझीच लाज वाटली. अंदाजे लावलेली खूण यंत्राला खोटं सांगते, आणि यंत्र ते खरं मानून चालतं. खुणा नव्या तर एमआरआयही नवा. पण एमआरआय सेंटर दिवाळीमुळे दहाला उघडणार होतं, आणि इंजिनिअरला संध्याकाळी यंत्र घेऊन निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या शहरात लावायचं होतं.

"नेव्हिगेशनशिवाय होणार नाही का?" मी विचारलं.

"होईल. अल्ट्रासाऊंड आमचं स्वतःचं आहे," डॉक्टर म्हणाले. "पण कवटी कुठे उघडायची आणि आत कुठून शिरायचं, ते मला नकाशावर बघायचं आहे. वाचेच्या शेजारी मी अर्धी तयारी घेऊन जाणार नाही. फार तर तीन आठवडे थांबू." ज्या माणसानं तीन आठवडे थांबणार नाही म्हटलं होतं, तोच हे म्हणत होता.

मग फोन सुरू झाले. डॉक्टरांनी एमआरआयच्या डॉक्टरांना घरी फोन केला. त्यांची पहिली आंघोळ व्हायची होती. इंजिनिअरनं नागपूरला आपल्या साहेबाला फोन केला, हिंदीत बराच वेळ विनवलं, आणि "रात को निकलूँगा" म्हणून फोन ठेवला. शोभाचे केस बाथरूममध्ये धुतले जात होते. तिथून तिचा हुंदका ऐकू आला, त्यावर सिस्टरचा आवाज: "ताई, तेल चांगलंच जिरवलंय हो तुमच्या नणंदेनं."

नवाला सेंटर उघडलं. पुन्हा आठ चकत्या, पुन्हा सात हजार. यावेळी मी पावतीच्या मागे प्रत्येक चकतीची जागा लिहून ठेवली आणि शोभाच्या शेजारून हललो नाही. दुपारी दीडला तिला आत नेलं.

बाहेरच्या बाकांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते सगळीकडे सारखेच असतात. बाहेर फटाके वाजत होते. एका पेशंटच्या नातेवाइकांनी चिवड्याचा डबा फिरवला. मी घेतला नाही, मग घेतला.

साडेतीनच्या सुमारास ताईचे यजमान आले. मी त्यांना भाऊजी म्हणतो. अबोल माणूस, त्यांनी खिशातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "सात हजार हायेत. तिनं धाडले."

"ताई कुठं आहे?"

"घरी. सकाळपासून फराळाले हात लावला नाई. म्हनते, गजूच्या समोर कशी जाऊ."

गजू म्हणजे मी, गजानन. मी पाकीट घेतलं. मोजलं. बरोबर होते. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्या वेळी मला ते योग्यच वाटलं.

डॉक्टर संध्याकाळी साडेसातला बाहेर आले. थकलेले दिसत होते. पुढे दोन दिवसांनी त्यांनी मला स्क्रीनवरची चित्रं दाखवली तेव्हा मला सगळं समजलं, ते इथं सांगतो. नेव्हिगेशनच्या मदतीनं त्यांनी नेमकी खिडकी उघडली, वाचेच्या भागाला वळसा घालून गाठीत शिरले. गाठ काढता काढता एक वेळ अशी आली की यंत्राच्या नकाशानुसार गाठ संपलेली होती. डोळ्यांनाही सगळं स्वच्छ दिसत होतं. तेव्हा त्यांनी पोकळीत पाणी भरून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला, आणि तळाशी एक पांढुरका तुकडा राहिलेला दिसला. मेंदू खाली बसला होता, तुकडा त्याच्याबरोबर खाली गेला होता, नकाशाला त्याचा पत्ता नव्हता. तो तुकडा काढला. परत बघितलं. मागच्या बाजूला एक बारीक पट्टी अजून दिसत होती, पण ती थेट वाचेच्या भागाला लागून. "तिथे मी थांबलो," डॉक्टर म्हणाले. "कुठे आणखी जायचं आणि कुठे थांबायचं, दोन्ही त्या चित्रानं सांगितलं."

मला सोनोग्राफीच्या चित्रात भुऱ्या ढगांपलीकडे काही कळत नाही. पण तो पांढरा तुकडा मी ओळखला. बोराएवढा होता.

त्या रात्री आयसीयूत मला पाच मिनिटं सोडलं. शोभानं डोळे उघडले, मला ओळखलं, हात दाबला. डावाही आणि उजवाही. मी विचारलं, "कशी आहेस?" तिनं तोंड उघडलं. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळ्या अकोल्यात आवाज होता आणि शोभा ओठ हलवत होती, नुसते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या जागेभोवती सूज असते, ती उतरली की बोलणं यायला हवं. मी विचारलं, "यायला हवं म्हणजे येईल?" ते म्हणाले, "मला तसं वाटतं." मी आकडा मागितला. त्यांनी दिला नाही. तेव्हा राग आला. आता वाटतं, खोटा आकडा देण्यापेक्षा ते बरं केलं.

पाडव्याला दुपारी ती म्हणाली, "पानी." एवढंच. मी सिस्टरला बोलवायला धावलो आणि पाणी द्यायचं विसरलो.

पुढचा हिशेब इथंच उरकून घेतो, कारण शेवटी मला त्यावर यायचं नाही. बायोप्सीचा रिपोर्ट दोन आठवड्यांनी आला: ग्रेड टू, म्हणजे सावकाश वाढणाऱ्यातलीच. तूर्त रेडिएशन नको, पण दर तीन महिन्यांनी एमआरआय, आणि ती राहिलेली पट्टी नजरेखाली ठेवायची. पूर्ण बरी झाली, असं मी लिहीत नाही. बिल झालं चार लाख अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे. आमचा पाच लाखांचा विमा होता, म्हणून मी निश्चिंत होतो. विमा कंपनीनं तीन लाख एकसष्ट हजार पाचशे दिले. हातमोजे, सुया वगैरेंचे एकतीस हजार सातशे कापले. नेव्हिगेशनचे पंचावन्न हजार कापले, कारण "ऐच्छिक". आणि अल्ट्रासाऊंडचे तीस हजार कापले. कारण लिहिलं होतं, सोनोग्राफीचा निदानाशी संबंध नाही. मी फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आजार मेंदूचा आहे ना? सोनोग्राफी पोटाची असते." मी तिला कवटी, हाडाची खिडकी, खाली बसणारा मेंदू, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, मेल करा." डॉक्टरांचं पत्र आणि ती ढगाळ चित्रं जोडून मी चार मेल केले. तीन महिन्यांनी तीस हजार आले. नेव्हिगेशनचे पंचावन्न हजार अजून ऐच्छिकच आहेत.

ज्याच्यावर ही वेळ येईल त्यानं ऑपरेशनच्या आधीच विमावाल्यांकडून या दोन ओळींबद्दल लेखी घ्यावं. आणि डोक्यावर चकत्या असतील तर घरातल्या प्रत्येक माणसाला जवळ बोलावून सांगावं की त्या कायच्या आहेत. दवाखान्याच्या कागदावर विसंबू नये.

आता भाऊबीज.

सकाळी शोभाला वॉर्डात आणलं होतं. डोक्याला पांढरी पट्टी, चेहरा सुजलेला. तिनं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ ओठ जुळवत राहिली. मग एकेक शब्द वेगळा काढून ठेवल्यासारखा बोलली.

"ताई... कावून... नाई आली?"

ऑपरेशननंतरचं तिचं पहिलं वाक्य. मला हसावं की रडावं कळेना. मी तिला सगळं सांगितलं: वाटी, इंजिनिअर, ताई घरात बसून आहे, भाऊजींनी सात हजार आणून दिले. ती लक्षपूर्वक ऐकत होती.

"घेतले?"

"घेतले."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं थकली. पण ती शब्द शोधत होती. बऱ्याच वेळानं सापडला.

"लाज... नाई वाटत?"

मी फोन केला. ताई अर्ध्या तासात आली, हातात ताट, ताटावर रुमाल. दारातच थांबली. सिस्टर म्हणाल्या, "आत ऑक्सिजन चालू आहे, दिवा लावता येणार नाही." ताई म्हणाली, "नाई लावत. तशीच ओवाळतो." मी शोभाच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसलो. ताईनं कुंकू लावलं, न पेटवलेलं निरांजन तीनदा फिरवलं. मग शोभाकडे वळली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आता तुह्या डोक्याले हात लावत नाई, माय."

शोभानं तिचा पदर धरला. "तेल..." ती म्हणाली आणि थांबली. आम्ही दोघंही थांबलो. "तेल... गरम होतं. बरं... वाटलं."

ताईनं पदरानं तोंड पुसलं. मी आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि ताटात ठेवलं. ताईनं ते लगेच ओळखलं, कारण त्यावर तिनंच माझं नाव लिहिलं होतं. ती परत द्यायला लागली, तेव्हा पलंगावरून आवाज आला, "घ्या." ताईनं पाकीट कमरेला खोचलं.

दरवर्षी तिला पाचशे एक देतो. त्या वर्षी दिले सात हजार. सुमनताईला, ओवाळणी. हजर: मी, शोभा, ताई आणि दारात उभ्या सिस्टर.